मोजपट्टीचं शेपूट: परक्या भाषेत ‘पेक्षा’ कसं शोधायचं

शाळेत इंग्रजीच्या वहीत तीन रकाने आखायला लावतात. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. खाली गुड, बेटर, बेस्ट. ते पाठ करता करता डोक्यात एक समजूत घट्ट बसते, की तुलना करायची म्हणजे विशेषणाला काहीतरी चिकटवायचं. मग तोच विद्यार्थी मोठेपणी जपानीच्या वर्गात जातो आणि विचारतो, “सेन्सेई, ‘उंच’चं ‘अधिक उंच’ कसं करायचं?” करायचंच नसतं. गंमत अशी, की हा प्रश्न तो मराठीत विचारतो आणि मराठीतही ते करायचं नसतं. ‘ताई उंच आहे.’ ‘ताई दादापेक्षा उंच आहे.’ दोन्ही वाक्यांत ‘उंच’ जागचा हललेला नाही. जे काही चिकटलं ते दादाला.

नवी भाषा शिकताना, तिच्यातून भाषांतर करताना किंवा घरातल्या अमराठी सुनेला मराठी शिकवताना तुलनेची वाक्यं पहिल्या महिन्यातच लागतात. स्वस्त-महाग, जवळ-लांब, काल-आजचा ताप, सगळीकडे तुलनाच. पाठ्यपुस्तक याचे नियम पाचव्या धड्यात, दहाव्या धड्यात, असे सुटे सुटे देतं. खाली दिलेली पद्धत वापरली तर एका बैठकीत त्या भाषेचा तुलनेचा सांगाडा हाती लागतो. सोबत ती भाषा बोलणारा एखादा माणूस किंवा बऱ्यापैकी व्याकरणाचं पुस्तक हवं.

आधी वहीत दहा वाक्यं लिहा

पहिल्या आठ वाक्यांत कर्ता आणि विशेषण बदलू नका, नाहीतर नेमकं काय बदललं ते कळत नाही.

१. ताई उंच आहे.
२. ताई दादापेक्षा उंच आहे.
३. ताई दादापेक्षा दोन इंचांनी उंच आहे.
४. ताई दादापेक्षा खूपच उंच आहे.
५. ताई दादाइतकीच उंच आहे.
६. ताई दादाइतकी उंच नाही.
७. ताई घरात सगळ्यांत उंच आहे.
८. ताई दिवसेंदिवस उंच होत चालली आहे.
९. दादा उंच नाही, पण ताईपेक्षा उंच आहे.
१०. आई दादापेक्षा ताईला जास्त रागावते.

पहिलं वाक्य फुकटचं वाटेल, पण ते गाळू नका. चिनी भाषेत नुसतं ‘था गाओ’, म्हणजे ‘तो उंच’, एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते अर्धवट वाटतं; दोघांपैकी तो उंच, असा त्याचा रोख होतो. साधं ‘तो उंच आहे’ म्हणायचं असेल तर मध्ये ‘हन’ घालावा लागतो. ‘हन’चा कोशातला अर्थ ‘खूप’, पण इथे त्याचं काम बहुतेक वेळा वाक्याला टेकू देण्याचं. म्हणजे या भाषेत बिनतुलनेच्या वाक्यालाच जास्तीचा शब्द लागतो आणि उघडं विशेषण तुलनेकडे झुकतं. परकं वाटतं? ‘हा मोठा, तो धाकटा’ असं आपण दोन मुलांची ओळख करून देताना म्हणतोच. त्यात ‘पेक्षा’ कुठे आहे?

मग शेपूट कुणाला आहे ते बघा

पहिलं आणि दुसरं वाक्य शेजारी ठेवा. ज्याची तुलना चालली आहे ती ताई. ज्याच्याशी चालली आहे तो दादा; त्याला आपण मोजपट्टी म्हणू. तिसरं, विशेषण. आता दुसऱ्या वाक्यात नवीन काय आलं आणि ते या तिघांपैकी कुणाला चिकटलं, एवढंच शोधायचं.

मराठीत शेपूट मोजपट्टीला: दादा-पेक्षा. हिंदीतही तसंच, ‘दादा से’. जपानीत ‘तोक्यो वा ओसाका योरी ओओकिई’, शब्दाला शब्द लावला तर ‘तोक्यो ओसाकापेक्षा मोठं’. क्रमसुद्धा आपलाच. जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाने हे वाक्य इंग्रजीच्या वळशाने शिकू नये, उगाच दमछाक होते. तुर्की, तमिळ, कन्नड, सगळीकडे मोजपट्टीच शेपूट मिरवते आणि विशेषण जसंच्या तसं राहतं.

इंग्रजीत शेपटं दोन. विशेषणाला ‘-अर’ आणि मोजपट्टीआधी ‘दॅन’. जर्मनमध्येही दोन. युरोपात राहणाऱ्याला हे इतकं स्वाभाविक वाटतं, की व्याकरणाची पुस्तकं याच साच्यातून लिहिली गेली, आणि आपल्या शाळांनी तोच साचा उचलला.

अरबीत विशेषणाचं अंगच बदलतं. क-ब-र ही तीन व्यंजनं धरा. ‘कबीर’ म्हणजे मोठा, ‘अकबर’ म्हणजे अधिक मोठा. सगीर-असगर, करीम-अकरम, जमील-अजमल याच चालीचे. अफजल म्हणजे अधिक गुणवान, सरस. इतिहासाच्या तासाला घोकलेली कितीतरी नावं ही अरबीतली तुलनात्मक विशेषणं आहेत, हे एकदा कळलं की अरबीचा हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मोजपट्टीआधी ‘मिन’ येतो, आणि ‘मिन’ म्हणजे ‘-हून, -पासून’.

त्या शेपटाचा मूळ अर्थ विचारा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. ‘पेक्षा’ला प्रतिशब्द सापडला म्हणून वही मिटू नका. तो शब्द त्या भाषेत आणखी कुठे कुठे वापरतात ते विचारा. तिथून पुढे चुका निम्म्यावर येतात.

मराठीचंच बघा. ‘मी पुण्याहून आलो’ आणि ‘याहून स्वस्त दाखवा’. प्रत्यय एकच, -हून. कुठून निघालो ते दाखवणारा प्रत्ययच मोजपट्टीला लागतो. पुण्याहून निघून मुंबईला पोचावं तसं दादापासून निघून ताईच्या उंचीला पोचायचं. हिंदीचा ‘से’ तोच: ‘दिल्ली से आया’, ‘मुझसे बड़ा’. तुर्कीत ‘इस्तंबूलदान’ म्हणजे इस्तंबूलहून आणि इस्तंबूलपेक्षाही. जपानी पत्राच्या शेवटी सही करताना नावानंतर ‘योरी’ लिहितात, म्हणजे ‘अमक्याकडून’. तुलनेतला ‘योरी’ हाच. झारखंडकडच्या मुंडारीतही ‘घोड्याहून हत्ती मोठा’ अशीच घडण आहे. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषा एकाच वाटेने गेल्या.

संस्कृतात ही पंचमी. पाणिनीने तुलनेच्या पंचमीसाठी वेगळं सूत्रच दिलं आहे, ‘पञ्चमी विभक्ते’. त्यावर टीकाकारांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं: माथुराः पाटलिपुत्रकेभ्यः आढ्यतराः. मथुरेचे लोक पाटलीपुत्राच्या लोकांहून श्रीमंत. गावागावांतली ईर्षा तेव्हाही व्याकरणाच्या उपयोगी पडत होती.

मग ‘पेक्षा’ कुठला? तो संस्कृत ‘अपेक्षा’ची झीज आहे, आणि ‘अपेक्षा’त ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं हा धातू दडलेला. दादाकडे पाहता ताई उंच. बंगालीत ‘आमार चेये लंबा’ म्हणतात; ‘चेये’ हे ‘पाहून’ या अर्थाचंच रूप. तमिळमध्ये ‘पार्क्किलुम’ असा एक तुलनेचा शब्द आहे, तोही ‘पार्’, म्हणजे पाहणं, यातून आलेला. मात्र रोजच्या तमिळमध्ये जास्त चालतो तो ‘विड’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘सोडून’. गुजरातीत ‘मारा करतां’. इथे मराठी माणूस हमखास अडखळतो, कारण आपल्याकडे ‘माझ्याकरता’ म्हणजे माझ्यासाठी. ‘मारा करतां सारुं’ ऐकून ‘माझ्यासाठी चांगलं’ असा अर्थ काढाल तर सौदा फिसकटेल. कोकणीत ‘म्हजेपरस’ म्हणतात, आणि जुन्या मराठीतला ‘परीस’ ज्यांच्या कानावर आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल.

काही भाषा ‘-हून’च्या ऐवजी ‘-जवळ’ म्हणतात. हंगेरियनमध्ये मोजपट्टीला ‘-नाल’ किंवा ‘-नेल’ लागतो. कुणाकडे राहिलो, कुणाजवळ बसलो, तिथेही हाच प्रत्यय. ताईला दादाजवळ उभं करा, फरक आपोआप दिसेल.

आणखी एक मोठा गट कुरघोडी करणाऱ्या भाषांचा. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत ‘तो माझ्यापेक्षा उंच आहे’ हे ‘या फी नी त्सायी’ असं होतं, म्हणजे ‘तो उंचीत माझ्यावर मात करतो’. इथे ‘उंच’ हे विशेषणच नाही, ‘उंची’ हे नाम आहे आणि वाक्याचा गाडा क्रियापद ओढतं. योरुबात ‘ओ गा जू मी लो’: उंच, ओलांडणं, मी, जाणं. कँटोनीजमध्ये ‘उंच’च्या पुढे ‘ओलांडणं’ या अर्थाचा ‘क्वो’ येतो. स्वाहिलीत ‘कुलिको’ हा नेहमीचा शब्द असला तरी ‘कुशिंदा’ म्हणजे हरवणं आणि ‘कुपिता’ म्हणजे ओलांडून जाणं, हेही चालतात. आपल्याकडे हा प्रकार रोजच्या तुलनेत नाही, पण जिथे जोर द्यायचा तिथे आहे: मुलगा बापावर वरताण निघाला, धाकटीने थोरलीवर कडी केली, यंदाच्या उन्हाने गेल्या वर्षीला मागे टाकलं. म्हणून हौसाचं वाक्य समजून घेताना ‘पेक्षा’ बाजूला ठेवा आणि ‘मात करणे’ हाताशी घ्या.

चिनीचा ‘बी’ याच्या आसपासचा. ‘था बी वो गाओ’, तो-माझ्याशी-तुलना-उंच. ‘बी’ हे मुळात ‘तुलना करणं’ असं क्रियापद.

शेवटी अशा भाषा, ज्यांत शेपूट कुणालाच नाही. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेत एक उंच नाही, दुसरा उंच आहे, असं दोन वाक्यांत सांगतात. सामोअन भाषेचं एक उदाहरण भाषाशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार येतं: ‘क्वीन मेरी मोठी, ॲक्विटानिया लहान’. ही दोन जहाजांची नावं आहेत. ॲक्विटानिया १९१४ साली सेवेत आलेली प्रचंड प्रवासी बोट होती, तिला लहान म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण १९३६च्या क्वीन मेरीशेजारी ती लहानच. तेव्हा अशा भाषेतलं ‘लहान’ शब्दशः घेऊ नका. भाषांतर करताना ‘ॲक्विटानियापेक्षा क्वीन मेरी मोठी’ एवढंच म्हणा.

डच भाषाशास्त्रज्ञ लिऑन स्टासेन यांनी जगभरातल्या १६७ भाषांची याच निकषावर वाटणी केली. ‘-हून, -कडे, -जवळ’ असं स्थान-दिशा दाखवून तुलना करणाऱ्या ७८ निघाल्या, मात करणाऱ्या ३३, दोन वाक्यं शेजारी ठेवणाऱ्या ३४, आणि इंग्रजीच्या ‘दॅन’सारखा वेगळा शब्द वापरणाऱ्या फक्त २२, त्याही बहुतांश युरोपातल्या. शाळेत आपण जो नमुना जगाचा म्हणून शिकलो, तो या यादीत शेवटच्या क्रमांकावर आहे.

विशेषण बदलत असेल तर पाच शब्द आधी तपासा

चांगला, वाईट, मोठा, लहान, पुष्कळ. जिथे विशेषणाला प्रत्यय लागतो तिथे आडमुठेपणा करणारे शब्द बहुधा याच पाचांत सापडतात. लॅटिनमध्ये चांगल्याची तीन रूपं बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस. एकाचा दुसऱ्याशी पत्ता लागत नाही. मोठा म्हणजे माग्नुस, मायोर, माक्सिमुस, आणि लहान म्हणजे पार्वुस, मिनोर, मिनिमुस. दवाखान्यात ‘मेजर ऑपरेशन’, ‘मायनर ऑपरेशन’ म्हणतो ते हेच, ‘अधिक मोठं’ आणि ‘अधिक लहान’. सीनियर-ज्युनिअरही लॅटिनमधली तुलनात्मक रूपंच. त्यांच्यापुढे इंग्रजीत ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो, म्हणून ‘सीनियर दॅन मी’वर लाल रेघ ओढली जायची.

इथे एक उपयोगी नियम आहे. भाषाशास्त्रज्ञ जोनाथन बोबालिक यांनी २०१२मध्ये अनेक भाषांची पाहणी करून तो मांडला. तुलनेच्या रूपात मूळ शब्द बदलला, तर ‘सर्वांत’च्या रूपात तो जुन्या शब्दावर परत येत नाही. गुड-बेटर-बेस्ट चालतं, गुड-बेटर-गुडेस्ट अशी भाषा दाखवता येत नाही. म्हणजे दुसरं रूप वेडंवाकडं निघालं, की तिसऱ्याच्या बाबतीत अंदाजपंचे ठोकू नका, ते विचारूनच घ्या.

संस्कृतात दोन जोड्या आहेत: तर-तम आणि ईयस्-इष्ठ. दोघांत निवडायचं तर तर किंवा ईयस्, अनेकांत निवडायचं तर तम किंवा इष्ठ. यांतले ‘तर-तम’ मराठीत तत्सम शब्दांपुरतेच उरले. लसावि आणि मसावि सोडवताना ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ आपण इतक्या वेळा लिहिले, की त्यात ‘सर्वांत लहान’ आणि ‘सर्वांत मोठा’ असे सरळ अर्थ आहेत हेच विसरलो. ‘उत्तम’मध्येही ‘तम’ आहे. फारसीचा ‘-तर’ हा संस्कृत ‘तर’चा सख्खा भाऊ, तो ‘कमतर’ आणि ‘बदतर’ घेऊन मराठीत आला. ‘कुणाला कमतर लेखू नका’ म्हणताना आपण फारसी तुलना करत असतो.

इष्ठची गोष्ट आणखी मजेची. इंग्रजीचा ‘-एस्ट’ आणि हा ‘इष्ठ’ एकाच मुळातून फुटलेले. ‘स्वादु’चं ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीट’चं ‘स्वीटेस्ट’ हे आवळेजावळे शब्द आहेत. आपण मात्र ‘स्वादिष्ट’ असं ‘ट’ने लिहायला लागलो आणि नात्याचा धागा तुटला. पाणिनीच्या नियमानुसार ‘युवन्’ किंवा ‘अल्प’चं कनिष्ठ होतं, ‘प्रशस्य’चं श्रेष्ठ, ‘वृद्ध’चं ज्येष्ठ. म्हणजे संस्कृतातही गुड-बेटर-बेस्टसारखी पळवाट होतीच. ही रूपं मराठीत येता येता बोथट झाली. ‘कनिष्ठ’चा मूळ अर्थ सर्वांत लहान, पण ‘कनिष्ठ महाविद्यालय’ सर्वांत लहान नसतं, ते नुसतं ज्युनिअर असतं. आपण खुशाल ‘तो माझ्याहून ज्येष्ठ’ म्हणतो आणि ‘सर्वश्रेष्ठ’सुद्धा. संस्कृतच्या शिक्षकाने यावर कपाळाला हात लावला तरी मराठी म्हणून ते बरोबर आहे. प्रत्ययाची धार गेली की भाषा नवी धार लावते.

किती फरक, ते कुठे बसतं

तिसरं आणि चौथं वाक्य. मराठीत फरकाला ‘-ने’ लागतो: दोन इंचांनी उंच, चार वर्षांनी लहान. हिंदीत प्रत्यय नाही, ‘दो इंच लंबा’. इंग्रजीत आकडा विशेषणाच्या आधी, चिनीत नंतर. चिनीत ‘खूपच’ म्हणायला जाल तर सापळा आहे: ‘हन’ तुलनेच्या वाक्यात चालत नाही. ‘था बी वो हन गाओ’ चूक, ‘था बी वो गाओ द दुओ’ बरोबर. इंग्रजीत ‘व्हेरी टॉलर’ चालत नाही आणि ‘मच टॉलर’ लागतं, तसंच. म्हणून ‘खूप’ला साध्या वाक्यात कोणता शब्द आणि तुलनेत कोणता, हे दोन्ही लिहून ठेवा. मराठीत एकच ‘खूप’ दोन्हीकडे चालतो, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न सुचतच नाही.

‘पट’ला जरा जपून. ‘तिप्पट झालं’ म्हणजे शंभराचे तीनशे. ‘तिपटीने वाढलं’ म्हणजे तीनशे की चारशे, यावर घरात भांडण लागू शकतं. बातमीचं भाषांतर करताना मी सरळ दोन्ही आकडे देतो. सव्वाच्या पटीला आपल्याकडे मान मोठा: शेरास सव्वाशेर, आणि पेशव्यांच्या गादीवर थोरल्या माधवरावांनंतर काही वर्षांनी आलेले ‘सवाई’ माधवराव. सवाई म्हणजे सव्वापट. माप आणि तुलना एकाच शब्दात.

‘सर्वांत’ म्हणजे सगळ्यांत की सगळ्यांहून?

मराठीत ‘सगळ्यांत उंच’, हिंदीत ‘सबसे ऊँचा’. एक ‘आत’ म्हणते, दुसरी ‘-हून’. दोन्ही वाटा पाणिनीने वेगळ्या करून ठेवल्या होत्या. गटातून एकाला निवडून काढायचं असेल तर षष्ठी किंवा सप्तमी: ‘गोषु कृष्णा सम्पन्नक्षीरतमा’, गायींत काळी गाय सर्वांत दुभती. काळी गाय गायींपैकीच एक आहे. मथुरेचे लोक मात्र पाटलीपुत्राचे नव्हेत, म्हणून तिथे पंचमी. मराठीनं हा भेद जपलाय. ‘ताई सगळ्यांत उंच’, पण ‘ताई इतर सगळ्यांपेक्षा उंच’. दुसऱ्या वाक्यातून ‘इतर’ काढला तर ताई स्वतःपेक्षाही उंच ठरते, आणि तरी आपण तो सर्रास गाळतो.

बाकीच्या भाषांत बघायचं ते एवढंच, की वेगळं रूप आहे की तुलनेच्या रूपावरच भागवलंय. फ्रेंच ‘प्लू ग्राँ’च्या आधी ‘ल’ लावते की झालं ‘सर्वांत मोठा’. अरबीत ‘अकबर’च दोन्ही कामं करतो. जपानी ‘इचिबान’ म्हणते, म्हणजे ‘पहिला नंबर’. हंगेरियन तुलनेच्या रूपाआधी ‘लेग’ जोडते. तुर्की विशेषणाआधी ‘एन’ ठेवते. मराठीची ‘मोठ्यात मोठा’, ‘कमीत कमी’, ‘त्यातल्या त्यात बरा’ ही जोडरूपं मात्र परक्यांना शिकवताना राखून ठेवा. ‘त्यातल्या त्यात बरा’ म्हणजे चांगला नव्हे, हे समजायला त्यांना एखादं वर्ष मुंबईत भाड्याचं घर शोधावं लागतं.

बरोबरी, आणि ‘कमी उंच’ नावाचं भूत

पाचव्या-सहाव्या वाक्याला बहुतेक भाषांत निराळं साधन असतं. जर्मनमध्ये असमानतेला ‘आल्स’, बरोबरीला ‘वी’. बोलताना जर्मन लोक स्वतःच ‘आल्स’च्या जागी ‘वी’ टाकतात, पण परीक्षेत ते तुम्हाला माफ होणार नाही. वेल्श भाषेत बरोबरीसाठी विशेषणाचं स्वतंत्र रूपच आहे, त्यामुळे तिथे तीनऐवजी चार रकाने आखावे लागतात. बास्कमध्येही चार, पण तिथला चौथा ‘फाजील’चा: आंदी मोठा, आंदिआगो अधिक मोठा, आंदिएन सर्वांत मोठा, आणि आंदिएगी म्हणजे नको इतका मोठा. मराठीत याला शेपूट नाही. ‘शर्ट मोठा होतोय’ म्हटलं की दुकानदार समजतो.

सहावं वाक्य उलट दिशेने विचारू नका. ‘ताई दादापेक्षा कमी उंच आहे’ हे मराठीत व्याकरणाने बरोबर पण कानाला खुपणारं वाक्य आहे. ते इंग्रजीच्या ‘लेस’मधून आलेलं. आपण ‘तेवढी उंच नाही’ म्हणतो किंवा सरळ ‘ठेंगणी’. चिनीतही रोजची वाट नकाराचीच: ‘था मेयो वो गाओ’, तो माझ्याइतका उंच नाही. तेव्हा ‘कमी उंच’चा प्रतिशब्द मागण्याआधी ‘इतका नाही’ मागा.

आठव्या वाक्याला फार वेळ लागत नाही. इंग्रजीत ‘टॉलर अँड टॉलर’ अशी तुलनाच दुणावते. मराठीत ‘होत चालली’ हे क्रियापद ते काम करतं.

शेवटची दोन वाक्यं समोर माणूस असतानाच विचारा

नववं वाक्य, ‘दादा उंच नाही, पण ताईपेक्षा उंच आहे’. हे तपासणीचं वाक्य आहे. मराठीत ‘पेक्षा उंच’ म्हटल्याने माणूस उंच ठरत नाही. दोन बुटक्यांचीही तुलना होते. ‘एक उंच, एक बुटका’ अशी दोन वाक्यं शेजारी ठेवणाऱ्या भाषेत मात्र हे कसं म्हणणार? तिथे बोलणारा वाक्य बदलून टाकेल, हातवारे करेल किंवा ‘जरासा’सारखा शब्द आणेल. तो नेमकं काय करतो ते टिपून घ्या. शक्यतो माणसांऐवजी दोन बटाटे समोर ठेवा, दोन्ही लहान, एक किंचित मोठा. वाक्याचं भाषांतर मागितलं तर लोक तुमच्या भाषेच्या घडणीत बोलतात. बटाटे दाखवले तर स्वतःच्या.

दहावं. ‘आई दादापेक्षा ताईला जास्त रागावते.’ आई दादाला जेवढं रागावते त्याहून ताईला जास्त? की दादा ताईला जेवढं रागावतो त्याहून आई जास्त? मराठीत दोन्ही अर्थ बसतात, कारण ‘पेक्षा’ लागला की दादा कर्ता होता की कर्म, याची खूण पुसली जाते. ज्या भाषांत ‘पेक्षा’साठी वेगळा सुटा शब्द आहे आणि नामाची विभक्ती शाबूत राहते, तिथे हा घोळ होत नाही. जर्मनमध्ये ‘आल्स इश’ म्हटलं तर ‘मी करतो त्यापेक्षा’, ‘आल्स मिश’ म्हटलं तर ‘माझ्यावर करतो त्यापेक्षा’. युरोपच्या त्या वेगळ्या वळणाचा हा खरा फायदा. मराठीत लिहिताना यावर उपाय एकच, वाक्य लांबवायचं: ‘दादाला रागावते त्यापेक्षा ताईला जास्त रागावते’.

तुमच्या नव्या भाषेत हे वाक्य म्हणून बघा आणि ऐकणाऱ्याला विचारा, सगळ्यांत जास्त बोलणी कुणी खाल्ली. त्याने ताईचं नाव घेतलं तर काहीच ठरत नाही, दोन्ही अर्थांत बोलणी तिनेच खाल्लेली असतात. मग पुढचा प्रश्न विचारा: दादा रागावणारा, की रागावून घेणारा?